बोट चालते, बाण चालत नाही

लिनक्स प्रणालीची नवी आवृत्ती चढविली आणि दुसऱ्या दिवसापासून लॅपटॉपचा टचपॅड मंदावला, ही तक्रार आता संगणकाच्या नादी लागलेल्या मूठभर तरुणांपुरती राहिलेली नाही. बोट पट्टीवरून सरकते. पण पडद्यावरचा बाण रेंगाळत, अडखळत, जणू कोणाच्या परवानगीची वाट पाहत पुढे जातो. काल संध्याकाळपर्यंत जे यंत्र विनातक्रार चालले ते आज आजारी कसे पडले ह्याचा उलगडा न झाल्याने गृहस्थ दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढतो, आणि तेथून बहुधा दोहोंपैकी एक सल्ला घेऊन परततो : टचपॅड बदला, नाहीतर लॅपटॉपच बदला. आमच्या मते हे दोन्ही सल्ले बहुतेक प्रसंगी अनाठायी असतात. ते अनाठायी का असतात हे समजून घेणे हा निव्वळ तांत्रिक कुतूहलाचा विषय नव्हे. त्यात घरचा पैसा गुंतलेला आहे, मुलांचा अभ्यास गुंतलेला आहे, आणि सार्वजनिक पैशातून खरेदी झालेल्या यंत्रांचे आयुष्यही गुंतलेले आहे. संपादकीय स्तंभात टचपॅड कोठून आला, असे विचारणाऱ्या वाचकांस एवढे उत्तर पुरे व्हावे.

ह्या तक्रारीला आजच धार येण्याचे कारण आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ह्या आपल्या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. तिच्या जागी आलेली विंडोज ११ ही टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर असल्याखेरीज अधिकृतपणे बसत नाही. म्हणजे २०१५-१६ च्या सुमारास घेतलेला, पत्र लिहिण्यास, हिशेब ठेवण्यास, मुलांना धडे दाखविण्यास आजही पुरेपूर समर्थ असलेला लॅपटॉप कॅलेंडरावरच्या एका तारखेने कालबाह्य ठरला. अशा यंत्राला पुढचे आयुष्य देण्याचा जो सन्मान्य मार्ग उरतो तो लिनक्सचा. १९९१ साली हेलसिंकीतील लिनस टॉर्वाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने ज्या कर्नलचा पाया घातला, त्यावर उभ्या असलेल्या उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा ह्या प्रणाली फुकट मिळतात. फुकट मिळतात ह्याहूनही मोठा गुण म्हणजे त्या कोणालाही उघडून पाहता येतात. परंतु ह्या वाटेवर आलेला माणूस पहिल्याच वळणावर मंद टचपॅडने हैराण होऊन मागे फिरला, तर तो चांगला लॅपटॉप भंगारात जातो आणि नव्याचे हप्ते सुरू होतात.

प्रथम बोटापासून बाणापर्यंतची वाट पाहू. टचपॅडच्या पृष्ठभागाखाली सूक्ष्म तारांची जाळी असते. बोट जवळ आले की त्या ठिकाणची विद्युत्-धारिता बदलते आणि बोट कोठे आहे हे यंत्राला कळते. इंटेलचा ४००४ हा पहिला मायक्रोप्रोसेसर घडविणाऱ्या मंडळींतील फेडेरिको फॅगिन ह्यांनी कार्व्हर मीड ह्यांच्यासह १९८६ साली सिनॅप्टिक्स कंपनी काढली, आणि पुढील दशकात तिच्या टचपॅडांनी लॅपटॉपमधून फिरत्या गोळ्याला हद्दपार केले. ही पट्टी बोटाची जागा सेकंदाला ऐंशी वेळा किंवा त्याहूनही अधिक वेळा कळविते. तो निरोप एका तारमार्गाने कर्नलकडे जातो. कर्नलमधील ड्रायव्हर तो वाचतो. तेथून तो लिबइनपुट नावाच्या भांडारात येतो. बोट किती सरकले म्हणजे बाण किती सरकावा, हे तेथे ठरते. आणि शेवटी पडदा रंगविणारी यंत्रणा बाणाला नव्या जागी उभा करते. आमच्या तालुका कचेरीतील फायलीसारखा हा प्रवास आहे. फरक एवढाच की येथे चारही टेबले मिळून काही सहस्रांश सेकंदांत काम उरकतात. आवृत्ती चढविताना पट्टीतील तारा कोणी बदलीत नाही. बदलतात ती मधली टेबले. म्हणून आवृत्ती चढविल्याबरोबर जो दोष उद्भवला, तो बव्हंशी मधल्या एखाद्या टेबलावर सापडतो. आणि टचपॅड बदलणे हे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे होते.

मात्र 'बव्हंशी' हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. टचपॅड वर उचलला गेल्यासारखा दिसत असेल, त्याची कड झाकणाशी समपातळीत नसेल, दाबल्यावर तो पूर्वीसारखा टिचकत नसेल, तर खाली बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. तेथे प्रणालीशी खेळत बसू नये. यंत्र बंद करावे, चार्जर काढावा आणि जाणकाराकडून बॅटरी बदलून घ्यावी. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. दुसरी गोष्ट आमच्या हवेची. आषाढ-श्रावणातील दमट दिवसांत बोटाला ओल असते, पट्टीवर घामाचा पातळ थर बसतो, आणि धारितेवर चालणाऱ्या पट्टीला बोट आणि पाणी ह्यांतला भेद नीट कळत नाही. बाण अशा वेळी थरथरतो, उड्या मारतो. कोरड्या मऊ फडक्याने पट्टी पुसली की ते थांबते. आवृत्ती चढविल्याचा दिवस आणि पावसाची झड एकाच वेळी आली म्हणून प्रणालीच्या माथी दोष मारला गेल्याची उदाहरणेही घडतात.

ह्या दोन शक्यता बाजूला काढल्या की पहिली परीक्षा अगदी साधी आहे. लॅपटॉपला साधा माऊस जोडून पाहावा. माऊसचाही बाण तसाच अडखळत असेल, तर टचपॅड निर्दोष आहे. दोष पडदा रंगविणाऱ्या यंत्रणेत आहे. आवृत्ती बदलताना ग्राफिक्सचा ड्रायव्हर नीट बसला नाही की प्रणाली चित्र काढण्याचे सारे काम मुख्य प्रोसेसरवर टाकते, आणि मग बाणच काय, खिडक्यांची उघडझापही जड होते. दुसरी परीक्षा पेनड्राइव्हची. त्याच प्रणालीची जुनी आवृत्ती पेनड्राइव्हवर घेऊन, काहीही न बसविता, केवळ 'चालवून पाहा' ह्या पर्यायाने सुरू करावी. तेथे टचपॅड पूर्ववत् धावला, तर पट्टी शाबूत आहे हे सिद्ध झाले आणि नव्या पट्टीचा खर्च वाचला. ह्या दोन परीक्षांना अर्धा तासही लागत नाही. तरीही दुकानात त्या बहुधा होत नाहीत, कारण तेथे सुटा भाग विकला तर पैसे मिळतात, अर्ध्या तासाच्या विचाराचे मिळत नाहीत. ह्यात आम्ही दुकानदाराला दोष देत नाही. विचाराची मजुरी देण्याची सवय गिऱ्हाइकालाही नाही.

आता मधल्या टेबलांकडे वळू. सर्वांत अधिक वेळा सापडणारे कारण कारभाऱ्याच्या बदलीचे आहे. लिनक्सवर अनेक वर्षे टचपॅडचा कारभार 'सिनॅप्टिक्स' ह्याच नावाच्या ड्रायव्हरकडे होता. त्याला शेकडो बारीकसारीक मुभा होत्या : बोटाचा दाब किती असला म्हणजे स्पर्श समजावा, बाणाने किती वेगाने सुरुवात करावी, कडेवर बोट आले तर काय करावे. हौशी माणसे ह्या मुभा एका फाइलीत लिहून ठेवीत. २०१४ च्या सुमारास वेलँड ह्या नव्या पडदा-यंत्रणेसाठी लिबइनपुटचा जन्म झाला. २०१५ साली फेडोराने तो मुख्य कारभारी नेमला, आणि मागोमाग इतरांनीही. लिबइनपुटचे धोरण वेगळे आहे. शंभर बटणे देण्यापेक्षा यंत्र ओळखून स्वतःच योग्य निर्णय घ्यावा, अशी त्याची वृत्ती. वेगासाठी तो उणे एक ते अधिक एक एवढीच एक पट्टी देतो आणि मध्यावर शून्य ठेवतो. धोरण म्हणून हे आम्हांस पटते. पण ज्याने दहा वर्षांत आपल्या बोटाला मानवेल असा वेग फाइलीत लिहून ठेवला होता, त्याच्या दृष्टीने एका रात्रीत राज्य उलटले.

मौज अशी की ती जुनी फाइल जागेवरच असते. आवृत्ती चढविणारी यंत्रणा माणसाने लिहिलेल्या फाइलीला सहसा हात लावीत नाही. तो उघडून पाहतो; आकडे तेच, अक्षरे तीच. पण वेलँडच्या राज्यात ती फाइल कोणी वाचीतच नाही. गोव्याच्या वाचकाला ह्याची उलटी बाजू परिचयाची आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी आम्ही मुक्त झालो. १९६२ च्या गोवा, दमण व दीव प्रशासन कायद्याने बदल होईपर्यंत आधीचे कायदे चालू ठेवले. आणि १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता पती-पत्नींच्या मालमत्तेच्या बाबतीत आजही आमच्या न्यायालयांत वाचली जाते. म्हणजे येथे राज्य गेले आणि नियम उरला, कारण तो चालू राहील असे नव्या राज्याने लिहून दिले. संगणकात असे कोणी लिहून देत नाही. नियमाचा कागद दप्तरात पडून राहतो आणि त्याचा अंमल मात्र संपलेला असतो.

सत्तरीतील एका शिक्षकाचा लॅपटॉप नेमका ह्याच दुखण्याने आमच्या कचेरीतील टेबलावर आला होता. उबुंटू २०.०४ चा आधार २०२५ च्या मे महिन्यात संपला म्हणून त्यांनी २२.०४ चढविली. पूर्वी त्यांच्या भाच्याने जुना सिनॅप्टिक्स ड्रायव्हर बसवून वेग वाढवून दिला होता. २०.०४ ही एक्सऑर्ग ह्या जुन्या पडदा-यंत्रणेवर चाले, २२.०४ बहुतेक यंत्रांवर आपण होऊन वेलँड सुरू करते. भाच्याची फाइल त्या क्षणी निकामी झाली. दुकानात नवा टचपॅड बसविण्याचा सल्ला मिळाला होता आणि मास्तर पुढच्या महिन्याच्या पगाराची वाट पाहत होते. प्रवेशाच्या पडद्यावर, नाव निवडल्यावर कोपऱ्यात जे दातेरी चाक दिसते, तेथून 'उबुंटू ऑन एक्सऑर्ग' निवडताच जुना वेग परत आला, निदान झाले. मग पुन्हा वेलँडमध्ये येऊन, सेटिंग्जमधील 'माऊस व टचपॅड' ह्या पानावर वेगाची पट्टी मध्यापासून बरीच उजवीकडे ओढली. उपचार म्हणून एवढेच. मास्तरांनी दोन वेळा बोट फिरवून पाहिले आणि विचारले, "ह्याचे पैसे कोणाला द्यायचे?" प्रश्न त्यांनी थट्टेने केला होता. त्याच्याकडे आम्हांस पुढे वळायचे आहे.

येथे एक सावधगिरी. परीक्षेसाठी एक्सऑर्गमध्ये जाणे ठीक. तेथेच कायमचा मुक्काम करणे मात्र दूरदृष्टीचे नाही. उबुंटूने ऑक्टोबर २०२५ मध्ये काढलेल्या २५.१० ह्या आवृत्तीत नोम पडद्यासाठी एक्सऑर्गचा पर्याय काढूनच टाकला आहे. उलट मिंट किंवा एक्सएफसीई वापरणाऱ्या आणि अद्याप एक्सऑर्गवरच असलेल्या मंडळींचे दुखणे निराळे असते. त्यांच्या यंत्रावर जुना सिनॅप्टिक्स ड्रायव्हर आणि नवा लिबइनपुट दोघेही नांदत असतात. नियमांच्या फाइलींना अनुक्रमांक असतात, लिबइनपुटचा चाळीस आणि सिनॅप्टिक्सचा सत्तर. मागून वाचली जाणारी फाइल वरचढ ठरते, म्हणून कारभार जुन्याकडेच राहतो. अशा वेळी सेटिंग्जमधील नवी पट्टी कितीही ओढली तरी बाण ढिम्म, कारण पट्टी लिबइनपुटसाठी केलेली आणि ऐकणारा दुसराच. 'एक्ससर्व्हर-एक्सऑर्ग-इनपुट-सिनॅप्टिक्स' हे पॅकेज काढून यंत्र पुन्हा सुरू केले की ही दुहेरी राजवट संपते.

टंकन करताना किंवा टंकन थांबविल्यावर क्षणभर टचपॅड मेल्यासारखा वाटतो, ही तक्रार खरे तर दोषाची नव्हेच. मराठी टंकताना तळहात पट्टीला लागून बाण भलत्याच ओळीत जाऊ नये म्हणून कळ दाबल्यानंतर काही काळ लिबइनपुट पट्टीला मुद्दाम गप्प ठेवतो. ज्यांना ते नको त्यांनी 'टंकताना टचपॅड बंद' हा पर्याय काढून टाकावा. आम्ही मात्र तो ठेवावा असे सुचवू. एक परिच्छेद उडाल्यावर त्याची किंमत कळते.

वेगाची पट्टी, जुना ड्रायव्हर, टंकनाची राखण हे सर्व पाहूनही बाण तुटकतुटक चालत असेल, तर शोध एक पायरी खाली, कर्नलकडे न्यावा लागतो. पुष्कळ लॅपटॉपांतील टचपॅड दोन वाटांनी बोलू शकतात. एक वाट पीएस/२ ची, जी आयबीएमने १९८७ साली आपल्या संगणकांसोबत आणली; दुसरी एसएमबस किंवा आय-टू-सी ह्या नव्या तारमार्गांची. पीएस/२ वरून सिनॅप्टिक्सची पट्टी सेकंदाला ऐंशी निरोप पाठविते आणि दोनांहून अधिक बोटांचा ठावठिकाणा नीट सांगू शकत नाही. नव्या वाटेवर निरोप अधिक दाट आणि तपशीलवार येतात. कर्नलची आवृत्ती बदलली की कोणत्या मॉडेलाला कोणती वाट द्यावी ह्याची यादीही बदलते. कधी पट्टी जुन्याच वाटेवर अडकून पडते, कधी नव्या वाटेवर ढकलली जाते आणि तेथे तिला चालता येत नाही. टर्मिनलमध्ये 'सूडो डीमेसेज' ही आज्ञा दिली की कर्नलची रोजनिशी उघडते. हा टचपॅड दुसऱ्या वाटेनेही बोलू शकतो, तेव्हा 'पीएसमाऊस डॉट सिनॅप्टिक्स इंटरटच' हा संकेत एक करून पाहावा, अशी सूचना तेथे कर्नल स्वतःच लिहून ठेवतो. ती दिसली तर ग्रबच्या फाइलीत तो संकेत घालून यंत्र पुन्हा सुरू करावे. आवृत्ती चढविल्यावर नव्या वाटेनेच बिघाड केला असेल, तर तोच संकेत शून्य करावा. आणि हे सारे आपल्या आवाक्याबाहेरचे वाटत असेल, तर यंत्र सुरू होताना ग्रबच्या 'प्रगत पर्याय' ह्या यादीतून जुना कर्नल निवडावा. तो सहसा तेथे शिल्लक असतो. जुन्या कर्नलवर टचपॅड सुरळीत चालला, तर चोर कोणत्या घरात आहे हे निश्चित झाले.

कर्नलमधील दोष किती सूक्ष्म असू शकतो ह्याचे २०२० सालातील एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. त्या वर्षी एएमडी प्रोसेसरच्या काही नव्या लॅपटॉपांवर लिनक्समध्ये टचपॅड एकतर चालेना किंवा असह्य रेंगाळे. पट्टी बोटाची हालचाल कळविण्यासाठी प्रोसेसरला खुणेची हाक देते. विजेच्या थरथरीमुळे खोट्या हाका येऊ नयेत म्हणून वाटेत एक गाळणी असते. टचपॅडसाठी ती बंद असावयास हवी होती. ड्रायव्हर ती बंद करीत असे, पण चुकीच्या ठिकाणी हात घालून. त्यामुळे गाळणी चालूच राही आणि पट्टीच्या खऱ्या हाकाही गिळून टाकी. त्या शोधात आणखी एक गोष्ट उघडकीस आली. ३२,७६८ हर्ट्झच्या घड्याळाचे ५१२ ठोके म्हणजे १५,६२५ मायक्रोसेकंद होतात. ड्रायव्हरमध्ये १५,६०० लिहिलेले होते. कोणीतरी कधीतरी आकडा पूर्ण करून टाकला होता आणि तो तसाच नकलत आला होता. एका स्वयंसेवकाने चिकाटीने शोध घेऊन त्या वर्षाच्या अखेरीस दोन्ही गोष्टी दुरुस्त करून दिल्या. दुरुस्ती थोड्या ओळींची. लाभ झाला तो त्या जातीचा लॅपटॉप असलेल्या जगभरच्या माणसांना, ज्यांतील बहुतेकांना असे काही घडले हे ठाऊकही नाही. प्रणाली उघडी नसती तर त्या माणसाला गाळणीपर्यंत पोचताच आले नसते. त्याने आणि इतरांनी कंपनीला विनंतीपत्रे लिहिली असती आणि पुढच्या मॉडेलाची वाट पाहिली असती.

तेव्हा मास्तरांच्या प्रश्नाकडे. ह्याचे पैसे कोणाला द्यायचे? लिबइनपुटचा भार अनेक वर्षे मुख्यत्वे पीटर हटरर ह्या रेड हॅट कंपनीतील अभियंत्याने वाहिला आहे. लिनक्सच्या पडद्यासमोर बसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक माणसाचे बोट त्याने लिहिलेल्या ओळींतून जाते. मोठ्या कंपन्या कर्नलच्या इतर भागांवर पुष्कळ खर्च करतात, कारण त्यांचे सर्व्हर त्यावर चालतात. सर्व्हरला टचपॅड नसतो. म्हणून टचपॅड हा ह्या राज्यातील दुर्लक्षित प्रांत राहिला आहे, आणि तेथील दुखणी दूर होण्यास महिने लागतात ह्याचे कारण अडाणीपणा नसून मनुष्यबळाची टंचाई आहे. हे जाणल्यावर 'लिनक्स असेच असते' हा शेरा आम्हांस अन्यायाचा वाटतो. आणि 'फुकटचे आहे, बोलायचे कशाला' हा शेरा त्याहूनही वाईट, कारण बोलल्याशिवाय दुरुस्ती होत नाही.

आमच्या राज्यापुरते बोलावयाचे तर संगणक वाटण्यात गोवा कधी मागे राहिलेला नाही. ह्या शतकाच्या पहिल्याच दशकात सायबरएज योजनेतून उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांना संगणक मिळाले, आणि पुढे टॅब्लेटही. वाटपाचे समारंभ झाले, छायाचित्रे छापून आली, आम्हीही छापली. त्या यंत्रांतील किती अखेरपर्यंत वापरात राहिली हे ज्याने त्याने आपल्या घरचा माळा पाहून ठरवावे. खरेदीच्या निविदेत प्रोसेसर, स्मृती, हमीची वर्षे हे सर्व काटेकोर लिहिले जाते. हमी संपल्यावर प्रणालीची आवृत्ती कोण चढवील आणि चढविल्यावर टचपॅड मंदावला तर कोण पाहील, ह्याचा कॉलम आम्हांस अशा कागदांत कधी आढळला नाही. केरळने २००१ साली 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्प सुरू केला आणि पुढे आपल्या शाळा मुक्त प्रणालीवर आणल्या. उबुंटूवर आधारलेली स्वतःची आवृत्ती त्यांची संस्था तयार करते, आणि २०१८ पासून 'लिटल काइट्स' नावाची विद्यार्थी-मंडळे शाळाशाळांत चालतात, जेथे मुले यंत्राची देखभाल आणि मल्याळम संगणन शिकतात. तेथेही टचपॅड मंदावत असतील. पण मंदावल्यावर विचारावे कोणाला हे तेथील मुलाला शाळेतच कळते. केरळात हे होऊ शकते तर डिचोलीत, पेडण्यात, काणकोणात का होऊ नये, ह्याचे सबळ कारण कोणी दाखवावे.

आणि भाषेचा प्रश्न आहेच. वर आम्ही ज्या परीक्षा सांगितल्या त्यांतील एकही नवी नाही. इंग्रजीत त्यांवर पानेच्या पाने लिहिलेली आहेत. मराठीत मात्र टचपॅड मंदावल्यावर काय करावे हे सांगणारे अर्धे पान शोधावे लागते. संगणकाची मराठी म्हणजे नव्या पारिभाषिक शब्दांची टांकसाळ, अशी एक समजूत आमच्या विद्वानांत दृढ आहे. 'स्पर्शपट' म्हटले काय नि टचपॅड म्हटले काय, बाण त्यामुळे हलत नाही. शब्द टचपॅड असो, ड्रायव्हर असो, कर्नल असो. त्याभोवतीचे वाक्य मराठी असले आणि त्यात काय दाबावे, कोणत्या क्रमाने दाबावे, काय दिसले तर थांबावे हे सांगितले, की साखळीच्या बाजारात दुकान चालविणारा मुलगाही ते वापरील. मराठी अकादमीने आणि साहित्यसंस्थांनी कवितासंग्रहांबरोबर अशा चार पुस्तिका काढल्या तर साहित्याची हानी होणार नाही.

तक्रार नोंदविण्याचेही एक शास्त्र आहे. 'टचपॅड हळू चालतो' एवढे लिहिलेल्या तक्रारीचा कोणालाच उपयोग होत नाही. लॅपटॉपच्या तळाशी छापलेले पूर्ण मॉडेल-नाव, कोणत्या आवृत्तीतून कोणत्या आवृत्तीत गेलो, कर्नलचा क्रमांक, जुन्या कर्नलवर दोष दिसतो की नाही, माऊस लावल्यावर काय होते, आणि 'लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स' ही आज्ञा चालू ठेवून पट्टीवर बोट फिरविताना उमटलेल्या ओळी, एवढे जोडले तर दूरदेशीच्या माणसाला यंत्र न पाहताही निदान करता येते. बऱ्याचदा उत्तर म्हणून त्या मॉडेलासाठी दोन-तीन ओळींची एक नोंद लिबइनपुटच्या खास फाइलीत पडते आणि पुढच्या आवृत्तीपासून तो दोष कोणालाच भेटत नाही. ज्या घरांत आणि शाळांत उबुंटू २२.०४ आहे, तिचा नियमित आधार २०२७ च्या पूर्वार्धात संपावयाचा आहे, म्हणजे तेथे पुन्हा आवृत्ती चढवावी लागेल. ते काम परीक्षेच्या तोंडावर न आणता आधीच्या एखाद्या सुट्टीत करावे, प्रथम एकाच यंत्रावर करून आठवडाभर वापरून पाहावे, मग बाकीच्यांना हात लावावा, आणि तेवढे दिवस संगणक-शिक्षकांना इतर कामांतून मोकळे ठेवावे, अशी आमची शिक्षण खात्यास सूचना आहे.